आईची डावी बाजू

५ जानेवारी

ताई,

माझं अक्षर पाकिटावर दिसलं असतं तर तू हे न उघडताच केराच्या टोपलीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता आमच्या ह्यांच्याकडून लिहून घेतलाय. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी पोस्टमननं ते लावून तुझ्या दारापर्यंत आणलं असेल, तर तो माणूस तुमच्या हवामान खात्यात हवा होता.

सहा वर्षं आपण बोललेलो नाही. मी माफी मागायला लिहीत नाहीये आणि तू मागावीस असंही माझं म्हणणं नाही. त्या दिवशी जे झालं ते झालं. काम वेगळंच आहे, आणि त्याला तुझी परवानगी लागते.

आईचा खिशांचा नियम आठवतो ना? कपडा धुवायला दुकानात आला की पाण्याआधी खिसे. खिशात जे निघेल ते छोट्या कागदी पाकिटात, पाकिटावर पावतीचा नंबर, आणि पाकीट कपड्याला टाचून. गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की पाकीट त्याच्या हातात. निम्मी माणसं आत डोकावून म्हणतात, "हे होय? टाकून द्या." आई टाकायची नाही. वर्षभर ठेवायची आणि मग बरणीत. तू गेलीस तेव्हा चार बरण्या होत्या, आता अकरा आहेत. बटणं, किल्ल्या, तिकिटं, पेन्सिलींचे तुकडे, चष्म्याची एक काडी, स्क्रू, गोळ्यांची रिकामी पाकिटं, दुधाचा एक दात, आणि एका कोटातून निघालेला बुद्धिबळातला उंट. कोटवाला म्हणतो उंट त्याचा नाही, खरा मालक अजून सापडलेला नाही. कुठेतरी कोणीतरी उंटाशिवाय खेळतंय आणि हरतंय.

तर गेल्या महिन्यात चित्रकलेच्या एक बाई आपला रंगानं बरबटलेला डगला घेऊन आल्या. डाग जाणार नाहीत असं मी स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "डाग राहू देत, फक्त वास घालवा." मग त्यांची नजर फळीवर गेली आणि त्या डगला विसरल्या. एकेक बरणी उजेडात धरून बघत बसल्या.

"हे काय आहे?"

"लोकांनी विसरलेलं."

"तुम्हाला कळतंय का तुमच्याकडे काय आहे ते?"

मी म्हटलं, कळतंय, अडगळ आहे. तर त्या इतक्या हसल्या की आमचे हे आतून धावत आले. त्या दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्ग घेतात. सापडलेल्या, टाकलेल्या वस्तूंमधून चित्रं करायची. रंग कमी, डिंक आणि तार जास्त. मी जायला लागले. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "जो माणूस तुम्हाला सगळ्यात चांगला ठाऊक आहे, त्याचा चेहरा करा." मनात म्हटलं, एवढंच? हा तर डाव्या हातचा मळ.

मला आई करायची आहे. आई तुझीही आहे, म्हणून विचारते. चालेल का?

तुझी,
धाकटी

२१ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. मौनाला संमती म्हणतात, तेव्हा मी हात घातला.

आधी सांगते, कॅनव्हास नाहीये. आईच्या इस्त्रीच्या टेबलावर जे जुनं ब्लँकेट पसरलेलं असायचं ना, ते लाकडी चौकटीवर ताणून बसवलंय. इस्त्री विसरून राहिल्याचे तपकिरी डाग त्यावर जागोजाग आहेतच. बाई म्हणाल्या, "सुरकुत्या तयारच मिळाल्या तुम्हाला." केस जॅकेटच्या काळ्या चेनचे केलेत, तुटक्या चेनची अख्खी बरणी रिकामी झाली. कानाला कोटाचं मोठं बटण. ओठांच्या जागी लाल पेन्सिलींचे तुकडे, मिटलेले, कारण आई आणि हसणं यांचा फारसा संबंध नव्हता. गालांना तिकिटं, एकावर एक. भुवया किल्ल्यांच्या. नाकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, सरळ, ताठ. आईचं नाक म्हणजे आईचा स्वभाव, हे तू मान्य करशील.

भुवयांवरून गंमत झाली. आपले दातांचे डॉक्टर कपडे न्यायला आले होते. चित्र दुकानातच टेकवून ठेवलं होतं. ते काउंटरवर कोपर टेकून बराच वेळ बघत राहिले आणि एकदम ओरडले, "अहो, ही माझ्या कपाटाची किल्ली! चार वर्षं शोधतोय!"

"दर आठवड्याला इथे येता की तुम्ही. पाकीट न उघडताच टाकून द्या म्हणाला असाल."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते स्वतःच म्हणाले. मी पक्कड काढली आणि किल्ली उपटायला निघाले, तर त्यांनीच हात धरला. "राहू द्या. कपाट केव्हाच फोडलं मी. तुमच्या आईला शोभतेय." तेव्हापासून येतील त्या गिऱ्हाइकाला ते सांगत सुटलेत की इस्त्रीवाल्या आजींच्या भुवईत आपला वाटा आहे.

एक कबुली. मी अर्धाच चेहरा नीट केला. आईची उजवी बाजू आधी झाली आणि ती इतकी साधली की मी तिच्याकडे बघून एकदा "आले गं" म्हटलं. मग डावी बाजू करायला बसले आणि कंटाळा आला. म्हणून उजवीच उलटी करून डावीकडे लावली. तेच कान, तीच भुवई, तोच गाल. माणसाला दोन बाजू सारख्याच असतात की.

सोबत फोटो पाठवतेय. छान झालंय असं लिहायची सक्ती नाही, पण छान झालंय.

धाकटी

ता.क. आमचे हे विचारतात, तिकडे थंडी किती? मी म्हटलं, ती सांगणार नाही, तिचा कमी दाबाचा पट्टा अजून आपल्यावरच आहे.

९ फेब्रुवारी

ताई!

तुझं कार्ड मिळालं!

आमच्या ह्यांनी ते दारातच वाचलं आणि मला हाक मारली ती अशी की मला वाटलं बॉयलर फुटला. मी ओल्या हातानं धावले. सहा वर्षांनी तुझं अक्षर. तेच सरळ, उभं, शाळेच्या पाटीवरचं. आणि मजकूर काय, तर, "आईचं नाक असं नव्हतं. डावीकडे झुकलेलं होतं. दुकानाचं शटर लागलं होतं, तू तेव्हा जन्मली नव्हतीस. डावीकडून ही बाई आई वाटतच नाही."

ना नमस्कार, ना तब्येत. हवामानाचा अंदाज बरा, त्यात निदान "शक्यता" तरी लिहितात. तरी मी ते कार्ड इस्त्रीच्या टेबलावर उभं करून ठेवलंय आणि जाता-येता वाचते. सहा वर्षं माझ्यावर रागावलेल्या माणसानं माझं नाक दुरुस्त करावं, यापेक्षा मोठं काय हवं? म्हणजे आईचं नाक.

पण ताई, तू म्हणालीस ते खरं असणार. आणि मग मला प्रश्न पडला, पन्नास वर्षं जिच्याबरोबर काढली तिचं नाक वाकडं आहे हे मला कसं ठाऊक नाही?

उत्तर दुकानातच मिळालं. मी माझ्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिले. मध्ये आईचं मोठं टेबल. उजवीकडे माझं छोटं, कॉलर आणि रुमालांचं. डावीकडे काउंटर, तिथे तू पावत्या लिहीत बसलेली. म्हणजे आई मला कायम उजवीकडूनच दिसली. घरी समोरासमोर बसलो असूच की! पण आठवायला गेलं की ती उभीच दिसते, इस्त्रीच्या वाफेत, आणि नेहमी माझ्याच बाजूनं. उजवीकडून नाक सरळच दिसतं.

फोटो शोधले. आईला कॅमेऱ्याचं वावडं होतं हे तुला ठाऊक आहे. एकच सापडला, दुकानाच्या परवान्यावरचा. त्यातला डावा अर्धा चेहरा शिक्क्याखाली आहे, गोल आणि जांभळा. कचेरीतल्या माणसानं असा जोर लावलाय की माझ्या आईची एक बाजू सरकारजमा झाली.

मग मी पक्कड घेतली आणि सगळी डावी बाजू उपटून काढली. बाई म्हणाल्या, "अहो, काय करताय?" मी म्हटलं, "ही खोटी होती." आईची डावी म्हणजे बघणाऱ्याची उजवी की डावी, यावर आमचा अर्धा तास वाद झाला, पण शेवटी नेमकी उपटली.

आता अर्धी आई आहे आणि अर्धं ब्लँकेट आहे. ताई, तू डावीकडे बसायचीस. मला सांग ना.

धाकटी

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझ्याकडून काही नाही. मग मी म्हटलं, तू नाही तर गिऱ्हाइकं सांगतील, ती तर आईच्या समोर उभी राहायची. जुन्या सात-आठ जणांना विचारलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे नाक असूनही तेच. एक म्हणाले डाव्या गालावर तीळ होता. दुसरे म्हणाले तीळ नव्हता, सोन्याचा दात होता. शाळेतले मास्तर म्हणाले, "आजींचे डोळे निळे होते." निळे! दातांचे डॉक्टर डोळे मिटून आठवत बसले आणि म्हणाले, "दाढा उत्तम होत्या." शेवटी कळलं, गिऱ्हाईक इस्त्रीवालीचं तोंड बघतच नाही, डाग गेला का ते बघतं.

बाईंनी एक पत्रक छापलंय. पंचवीस मार्चपासून आठ दिवस वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या वर्गाचं प्रदर्शन. त्यात माझं चित्र पहिल्या भिंतीवर, दारासमोर. बाई म्हणतात, "अर्धंच लावू. रिकामी बाजूसुद्धा बोलते." मी म्हटलं, बाई, ती बोलते ते मला ऐकवत नाही.

कारण ती काय बोलते ते मला ठाऊक आहे. आज सकाळपासून तीन कागद फाडले. आता हा फाडणार नाही.

त्या दिवशी जे झालं ते झालं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. काय झालं ते लिहिलं नाही. तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. तोवर मी आईचा एकूण एक कपडा धुतला होता. कोट, झगे, स्वेटर, उशीचा अभ्रा, शेवटच्या दिवशी अंगावर होतं ते सुद्धा. धुतलं, वाळवलं, इस्त्री केली, खाकी कागदात बांधून तुझ्यासाठी गठ्ठा तयार ठेवला. मला रडता येत नव्हतं, ताई. हातांना एवढंच येतं. "मळकं घरात राहता कामा नये," आईनंच शिकवलं. तू आलीस, गठ्ठा सोडलास, त्यात तोंड खुपसलंस, आणि वर बघितलंस तेव्हा तुझा चेहरा... साबणाशिवाय त्यात काही नव्हतं. तू म्हणालीस, "एक तरी न धुतलेलं ठेवायचंस." दुसऱ्या कुठल्या घरात कोणाच्या हातून हे झालं नसतं. लाँड्रीवालीच हे करू शकते.

आणि मी काय म्हणाले? "वास हवा होता तर ती जिवंत असताना यायचं होतंस." चार बायका ऐकत असताना.

इथवर तुलाही ठाऊक आहे. पुढचं नाही.

तू यायला उशीर केला नव्हतास. मी कळवायला उशीर केला. आईनं अंथरूण धरलं तेव्हाच मी तिला विचारलं, ताईला बोलावू का? ती म्हणाली, "इतक्यात नको, तिचं काम असेल." इतक्यात नको. मी तुला नंतर सांगितलं की आई "नको" म्हणाली होती. मधला शब्द मी खाल्ला. आठवड्यानं डॉक्टरही म्हणाले, कळवून टाका. मी आणखी चार दिवस घेतले. कामात विसरले असं म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते. मला ती एकटीला हवी होती.

का ते सांगते, हसू नकोस. दुकानात आई दिवसभर माझ्या हाताशी असायची, पण वळायची तुझ्याकडे. इस्त्री फिरवता फिरवता मान डावीकडे. काहीतरी पुटपुटायची, तू मान हलवायचीस. मला दिसायचा तो कान आणि अंबाडा. मी कॉलर बसवत असायचे आणि मनात म्हणायचे, काय एवढं बोलतात ह्या दोघी? ताई हुशार, ताईचं अक्षर छान, ताई मोठ्या खात्यात जाणार. गेलीस. मग तुझ्या पत्राच्या दिवशीही ती डावीकडेच बघायची, रिकाम्या काउंटरकडे. मी म्हटलं, निदान शेवटी तरी तिनं माझ्याकडे वळावं, तिथे दुसरं कोणी नसेल तर वळेल. वळली की नाही ते आता मला आठवतही नाही, औषधं आणि चादरी एवढंच आठवतं.

तुझ्या वाटचे अकरा दिवस मी घेतले. तो वास परत द्यायला माझ्याकडे काही नाही, मी बरण्या उपसून बघितल्या तरी नाही. माझं चुकलं, ताई. कपड्यांचं नाही, ते तर मी येडेपणानं केलं. कळवलं नाही ते चुकलं, आणि नंतर तुलाच बोलले ते त्याहून चुकलं.

हे वाचून तू पुन्हा सहा वर्षं बोलली नाहीस तर मला पटेल. आवडणार नाही, पण पटेल.

धाकटी

१२ मार्च

ताई,

काही आलं नाही, म्हणून हे फक्त कळवण्यापुरतं. तुझ्या उत्तराची वाट बघतेय असं मुळीच समजू नकोस. पोस्टमन मात्र आता मला बघून रस्ता बदलतो.

इकडे सगळं ठीक. चित्राचं नाक तुझ्या कार्डाप्रमाणे वाकवलं. लाकडी चिमटा वाकत नाही, तेव्हा आमच्या ह्यांनी तो वाफेवर धरला, मग पिळला, मग मोडला. सहा चिमटे मोडल्यावर सातवा वाकला. ह्यांचं म्हणणं, सासूबाईंनी हयातीत कधी ऐकलं नाही, नाक तरी कसं ऐकेल. ते उजवीकडून सरळ दिसतं आणि समोर गेलं की कलतं. मी दहा वेळा इकडून तिकडे फिरून बघितलं आणि दहा वेळा हसले. इतकी वर्षं मला न दाखवता आई ते नाक मिरवत होती!

बाकी डावीकडे नुसतं ब्लँकेट. बाईंनी विचारलं, नाव काय द्यायचं? मी म्हटलं, "आई, माझ्या बाजूनं." त्यांना फार आवडलं. मला तितकंसं नाही, पण खरं तेवढंच आहे.

दातांच्या डॉक्टरांनी प्रदर्शनासाठी नवा कोट शिवायला टाकलाय. त्यांना वाटतंय त्यांचाही सत्कार होणार.

तब्येतीला जप. तिकडे बर्फ वितळायला लागलं असं बातम्यांत होतं, पायऱ्या सांभाळून उतर. हे लिहायचा मला अधिकार नाही, तरी लिहिलं.

धाकटी

१८ मार्च

धाकटे,

तुझी पाचही पत्रं पोचली. पाचही उघडली. पाकिटावरचे कोंबडीचे पाय मी लगेच ओळखले होते. तुझ्या नवऱ्याला सांग, लग्नाच्या आधी तो धुवायच्या कपड्यांच्या खिशात तुझ्यासाठी चिठ्ठ्या ठेवायचा, त्या काउंटरवर मीच पाकिटात भरायचे.

पंचवीस फेब्रुवारीच्या पत्राबद्दल. पहिले दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी ओसरला. चौथ्या दिवशी पुन्हा आला, त्या दिवशी मी दोन कप फोडले, त्यातला एक मुद्दाम. नंतर आकाश अंशतः ढगाळ. आजही तसंच आहे. माफ केलं असं लिहिणार नाही. लिहिलं तर तू तो कागद चौकटीत घालून वाचनालयाच्या भिंतीवर लावशील. पण तू लिहिलंस हे बरं केलंस. मला सहा वर्षं वाटत होतं की आईलाच मी नको होते. "इतक्यात नको" आणि "नको" यांत केवढं अंतर असतं, ते मला आता कळलं. तो एक शब्द तू परत दिलास. तेवढ्यासाठी मी ते पत्र जपून ठेवलंय.

आता डावी बाजू. मला विचारलंस म्हणून सांगते. गिऱ्हाइकांना पुन्हा विचारू नकोस. निळे डोळे म्हणे. मास्तर आहेत की कोण आहेत?

डाव्या भुवईला मध्ये फट होती, तीही शटरचीच. डाव्या कानाची पाळी फाटलेली. तीळ नव्हता. डाव्या गालावर खळी होती. एकाच गालावर, हसली की पडायची. तुला ती ठाऊक नाही हे तुझ्या पत्रावरून लक्षात आलं, तेव्हा मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "आई आणि हसणं यांचा फारसा संबंध नव्हता" असं तू लिहितेस. धाकटे, ती दिवसातून दहा वेळा हसायची.

ती माझ्याकडे वळून काय पुटपुटायची ते तुला हवं होतं. सांगते. हे मी लपवलं होतं, म्हणजे लपवणारी तू एकटी नाहीस.

ती तुझ्याबद्दल बोलायची. दर वेळी. इस्त्री फिरवता फिरवता मान माझ्याकडे करायची, डोळ्यांनी तुझ्याकडे खूण करायची आणि म्हणायची, "बघ, बघ गं, कशी कॉलर बसवतेय ती. हात बघ तिचा. मला असं कधी जमलं नाही." आणि खळी पडायची. तू रुमालांचा मनोरा रचलास आणि तो डॉक्टरांच्या वडिलांच्या डोक्यावर कोसळला, तेव्हा ती हसू लपवायला माझ्याकडे वळली ती पाच मिनिटं सरळ झालीच नाही. मी एकदा विचारलं, तिलाच का सांगत नाहीस? तर म्हणाली, "तोंडावर सांगितलं की हात बिघडतो."

मी दहा वर्षं त्या काउंटरवर पावत्या लिहिल्या. माझं अक्षर छान आहे असं सगळं जग म्हणालं, आई कधी म्हणाली नाही. ती वळायची माझ्याकडे आणि बघायला लावायची तुझ्याकडे. मी मान हलवायचे आणि आतून जळायचे. म्हणून तुला कधी सांगितलं नाही. मोठ्या खात्यात गेले त्याचं अर्धं कारण हे आहे. आई गेली त्या वेळी वाटेत ठरवलं होतं की आता सांगून टाकायचं, हे तिचंच आहे, तिला पोचवायला हवं. मग गठ्ठा उघडला, मग मी बोलले, मग तू बोललीस. मी ते तसंच घेऊन परत आले. सहा वर्षं तुझी वस्तू माझ्याकडे होती.

खळीच्या जागी बटण चिकटवू नकोस, तू चिकटवशील. खळी म्हणजे खड्डा, उंचवटा नव्हे. ब्लँकेट मागून ओढून आत टाका घ्यावा लागेल, बारीक, नाहीतर गाल आक्रसेल. आणि ओठांचं डावं टोक जरा वर. चित्राचं नावही बदल.

सोमवारच्या गाडीनं येतेय, दुपारी पोचेन. स्टेशनवर रडारड नको, मला भर रस्त्यात आवडत नाही. सुई-दोरा काढून ठेव. खळी नेमकी कुठे पडायची ते मला ठाऊक आहे, मी तिथे बोट ठेवीन. टाका तू घाल. हात तुझा चांगला आहे.

ताई